रंग धरला नाही

कॅम्प सीझर, अलेक्झांड्रिया
९ जानेवारी २०१०

प्रोफेसर बहगत सिर्री यांस,

तुमच्या हाताखाली मी बावीस वर्षं मेंदूचे काप रंगवले, आणि पुढे तुमच्याच सहीच्या हुकमाने सतरा वर्षं लोकांची लघवी तपासली. तेव्हा ओळख करून देत बसत नाही. ख्याली-खुशालीही विचारत नाही. तुम्ही मजेत आहात हे वर्तमानपत्रात दर दोन महिन्यांनी छापून येतं.

काम आहे म्हणून लिहिते आहे. माझी भाची मिरेत, माझ्या दिवंगत भावाची मुलगी, माझ्याजवळ राहते. वय सव्वीस. एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढते, म्हणजे काढत होती. गेल्या मे महिन्यात चार दिवसांत तिचा उजवा डोळा गेला. तुमचे लाडके शिष्य डॉक्टर वाएल यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं निदान केलं आणि जूनपासून दिवसाआड इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. तेव्हापासून मुलगी सुधारायची सोडून उतरणीला लागली आहे. सप्टेंबरात तीन आठवडे पायच उचलेनात. नोव्हेंबरच्या शेवटी उचकी लागली ती अकरा दिवस, वर ओकाऱ्या. इमारतीतल्या प्रत्येक बाईने येऊन तिला मोजून सात घोट पाणी पाजलं. खालच्या मजल्यावरच्या उम्म वलीदने तर मागून चोरपावलांनी येऊन कानाशी ताट आपटलं. ताट चेपलं, उचकी राहिली.

आता ऐका. सोहेर आठवते? माझ्या हाताखाली शिकलेली, चष्मेवाली. ती आता फ्रान्समध्ये लिआँच्या प्रयोगशाळेत आहे. तिला मी हे सगळं कळवलं तर तिने मला एक भलामोठा निबंध छापून पाठवला. शाळेतल्या फ्रेंच नन्सच्या कृपेने मला तो शब्दकोश न उघडता वाचता आला. त्यात आपल्या जुन्या ओळखीच्या तारकापेशी आहेत. तुम्ही ज्यांना मेंदूतला गोंद म्हणायचात, त्याच. चांदणीसारख्या पसरलेल्या, एक पाय रक्तवाहिनीवर टेकवून बसलेल्या. त्या पायात पाण्याची दारं असतात. या आजारात रोग्याच्याच रक्तातलं एक द्रव्य त्या दारांना शत्रू समजतं आणि तारकापेशींना मारून टाकतं. त्या मेल्या की मागोमाग नसांची आवरणं जातात, मग डोळे, मग मज्जारज्जू. हट्टी उचकीसुद्धा त्यातलीच. बाहेरून हुबेहूब मल्टिपल स्क्लेरोसिस. पण ते नव्हे. आणि त्यावरचं इंजेक्शन या आजारात आगीत तेल ओततं.

वाचता वाचता मला करीमा आठवली. कर्मूझची, शाळेचे गणवेश शिवणारी. १९८७ साली आंधळी होऊन, लुळी पडून आपल्या वॉर्डात वारली. तिच्या मज्जारज्जूचे काप मी सोन्याच्या क्षारात रंगवले. कडेला तारे काळे-जांभळे, रेखीव. मधोमध, रक्तवाहिन्यांभोवती, एकही नाही. मी तुम्हाला म्हटलं, "डॉक्टर, इथे काहीतरी आहे." तुम्ही म्हणालात, "इथे काहीच नाही, तोच तर घोटाळा आहे." आणि नोंदवहीत लिहिलंत: "रंग धरला नाही. तंत्रज्ञाची चूक."

त्यातल्या दोन काचा मी शरमेने घरी आणल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. गेल्या आठवड्यात त्या घेऊन मी माझ्या जुन्या शाळेत गेले आणि जीवशास्त्राच्या वर्गात सूक्ष्मदर्शक मागितला. शेजारी बारा मुली बेडूक कापत होत्या. एकीने विचारलं, "आजी, तुम्ही नापास झाला होतात का?" मी म्हटलं, "हो बाळ. तेवीस वर्षांपूर्वी. पेपर परत तपासायला आले आहे."

रंग उत्तम होता, डॉक्टर. तारकापेशीच नव्हत्या.

मला माफी नको. वाएलना फक्त एक ओळ लिहा: मिरेतचं रक्त त्या तपासणीला पाठवा आणि निकाल येईपर्यंत इंजेक्शन थांबवा. तिचा डावा डोळा अजून शाबूत आहे.

ओलफत तादरोस


रुश्दी, अलेक्झांड्रिया
१८ जानेवारी २०१०

प्रिय मादमुझेल ओलफत,

तुमचं अक्षर अजून तसंच वळणदार आहे. लिफाफ्यावरूनच ओळखलं. पत्र वाचताना आपली जुनी प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभी राहिली, तुमची वेलदोड्याची कॉफी आणि सकाळी सातला टेबलावर हजर असलेले काप. अशी निष्ठा आता दिसत नाही.

भाचीबद्दल वाचून मनापासून वाईट वाटलं. तुमची घालमेल मी समजू शकतो. तुम्हाला स्वतःचं मूल नाही, तेव्हा जीव तिच्यातच गुंतलेला असणार.

परंतु काही गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. दर चार-पाच वर्षांनी युरोपातली एखादी प्रयोगशाळा रक्तात एक नवं द्रव्य शोधते, त्यावर दहा सभा होतात आणि मग त्याचं नावही कुणी घेत नाही. मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो: नाटकाला जाता तेव्हा नटांकडे बघा, पडद्याच्या कापडाकडे नको. मेंदूतले नट म्हणजे चेतापेशी. तुमच्या तारकापेशी हे कापड आहे. सुंदर कापड, मान्य.

करीमा नावाची रुग्ण मला नीटशी आठवत नाही. सोन्याचा रंग लहरी असतो. तो भल्याभल्यांच्या हातून बिघडतो, तसा तुमच्या हातून बिघडला. मी त्याचा राग कधीच धरला नाही. तुमची बदली केली ती केवळ तुमच्या प्रकृतीसाठी. अमोनियाच्या वाफेत एका स्त्रीने आणखी किती वर्षं काढायची?

उचकीचं म्हणाल तर ती पोटाची. नाताळच्या उपवासात तुमच्या लोकांत उकडलेले बाकल्याचे दाणे जरा जास्तच खाल्ले जातात, नाही का?

वाएल हुशार आहे. रुग्ण त्याची आहे. मी निवृत्त माणूस, तरुणांच्या कामात हात घालत नाही. मुलीला धीर द्या. इंजेक्शन चुकवू नका.

तुमचा शुभचिंतक,
बहगत सिर्री


कॅम्प सीझर
२७ जानेवारी २०१०

प्रोफेसर साहेब,

सहासष्टाव्या वर्षी मला कुमारिकेसारखं "मादमुझेल" म्हणणारे तुम्ही एकटेच उरलात. मूल नसण्याचा उल्लेखही पोचला. बाकल्यांचा सुद्धा.

काल मंगळवार, वाएल यांचा बाह्यरुग्ण विभाग. मिरेतला बाहेर बाकावर बसवून मी आत गेले.

"डॉक्टर, हिचं रक्त एकदा तपासून घ्या."

"तांत, माझं जरा ऐकून घ्या…"

"तांत म्हणजे आत्या, ती मी मिरेतची. तुमची नाही."

तो ओशाळं हसला आणि उठून त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "मला ती तपासणी माहीत आहे. मलाही शंका आली होती. पण एमआरआयची फिल्म सिर्री उस्तादांनी स्वतः पाहिली आहे, जूनमध्येच. निदान त्यांच्या हातचं आहे, माझी फक्त सही आहे."

"मग त्यांना विचारा."

"काय विचारू? उस्ताद, तुमचं चुकलं का, असं? मार्चमध्ये माझ्या बढतीची समिती बसते. अध्यक्ष कोण, तुम्हाला माहीत आहे."

"आणि मिरेतची समिती कधी बसणार?"

तो टेबलावरचा शिक्का उगाच इकडून तिकडे ठेवू लागला. आई-बापाने चांगला वाढवलेला मुलगा आहे, म्हणून निदान लाज तरी वाटते. शेवटी म्हणाला, "त्यांची एक ओळ आणा. चिठ्ठीवर असली तरी चालेल. त्याच दिवशी रक्त काढतो."

म्हणजे "रुग्ण त्याची आहे" असं तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्याच हाताने तिच्या कपाळावर आजाराचं नाव लिहून झालं होतं. निवृत्त माणूस हात घालत नाही म्हणे. हात आधीच आत होता, म्हणून बाहेर काढून दाखवता येईना.

ती फिल्म मी वाएलकडून मागून घेतली आणि आमच्या बाल्कनीच्या काचेवर धरली. मज्जारज्जूत पांढरा पट्टा आहे तो पाच मणक्यांइतका लांब. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग आखूड असतात, दोन मणक्यांपलीकडे सहसा जात नाहीत. हे तुम्हीच शिकवलंत. लघवीच्या खोलीतल्या बाईला मोजता आलं ते तुम्हाला जूनमध्ये मोजता आलं नाही, की मोजायची गरज वाटली नाही?

आता रंगाबद्दल. तुम्ही काप वाचायचात, मी ते करायचे. तुमच्या खात्याचा नियमच होता की करणाऱ्याने मत द्यायचं नाही आणि वाचणाऱ्याने हात बुडवायचे नाहीत. म्हणून तुम्हाला एक साधी गोष्ट कधी कळली नाही. सोनं बिघडतं तेव्हा सगळा काप मळकट होतो, राखेसारखा. कडेला पंचवीस तारे ठणठणीत उभे आणि मधल्या रक्तवाहिन्यांभोवतीच एक नाही, असं सोनं जागा निवडून रुसत नाही. तुम्हाला पोकळी दिसली, तुम्ही माझ्या हाताला दोषी धरलंत. रोगाला धरलं असतंत तर आज तुमचं नाव लिआँच्या निबंधात पहिल्या ओळीत असतं.

आणि माझ्या फुप्फुसांची काळजी. अमोनियाची वाफ बावीस वर्षं मी घेतली तेव्हा कुणी खिडकी उघडली नाही. करीमाचे काप झाले आणि आठवड्याच्या आत तुम्हाला माझ्या श्वासाची आठवण झाली.

हे सगळं मी विसरायला तयार आहे. एक ओळ लिहा. माझी चूक होती असंही हवं तर त्याच ओळीत लिहा.

ओलफत


कॅम्प सीझर
२१ फेब्रुवारी २०१०

प्रोफेसर साहेब,

तुमचं उत्तर आलं नाही. हे पत्र तुम्हाला वाचायचं नसेल तर घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

सोमवारी परत उचकी सुरू झाली. मी वाएलना फोन केला, तर म्हणाले पोटाचं औषध द्या. गुरुवारी सकाळी मिरेत फळ्यावर कागद लावून बसली होती. कचेरीने घरी काम दिलं होतं, एका डोळ्याने जेवढं होईल तेवढं. मी पुदिना निवडत होते. ती म्हणाली,

"तांत, खिडकी का लावलीस?"

खिडकी सताड उघडी होती. समुद्रावरून ऊन थेट तिच्या हातावर पडलं होतं.

मी म्हटलं, "वारा होता."

"उघड ना जरा. दिसत नाहीये."

मी उठले, खिडकी लावली आणि परत उघडली. आवाज व्हावा म्हणून.

"झालं?" ती म्हणाली.

मी फळ्याजवळ गेले. तिची रेघ कागद संपल्यावरही पुढे गेली होती, लाकडावरून, पार काठापर्यंत.

ती आता तुमच्या इस्पितळात आहे, तिसरा मजला, सातवी खाट. वाएलना चिठ्ठी देण्यासाठी तुम्हाला जिना चढावा लागणार नाही. शिपाई पाठवा.

ओलफत


रुश्दी
११ मे २०१०

प्रिय ओलफत,

मधल्या काळात लिहिणं झालं नाही. फेब्रुवारीत मी अम्मानला सभेसाठी होतो, त्यानंतर माझ्या पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं प्रकरण निघालं. तुमची पत्रं मिळाली होती. त्यांतला सूर मी मनावर घेतलेला नाही.

वाएलने मला सारं सांगितलं. मिरेतच्या रक्तात ते द्रव्य निश्चितपणे सापडलं, हे ऐकून एक वैज्ञानिक म्हणून मी थरारून गेलो. आपल्या शहरात अशा प्रकारे सिद्ध झालेली बहुधा ही पहिलीच रुग्ण! मी लगेच जुन्या नोंदवह्या काढल्या. तुम्ही म्हणता ती करीमाची नोंद सापडली. तुमचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

ऑक्टोबरात कैरोला आमच्या संघटनेची मोठी सभा आहे. तिथे मी "तारकापेशींचा नाश: १९८७ मधील एक निरीक्षण" या विषयावर बोलणार आहे. तारकापेशी मेंदूतलं पाणी राखतात, चेतापेशींना अन्न पोचवतात, त्यांनी सांडलेली रसायनं टिपून घेतात. त्यांना केवळ कापड समजणं ही आमच्या पिढीची चूक होती, असं मी नम्रपणे मांडणार आहे.

त्यासाठी तुमच्याकडच्या दोन काचा लागतील. आणि एक छोटंसं निवेदन, ज्याचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात तुम्ही एवढंच लिहायचं आहे की रंगाचं काम निर्दोष झालं होतं, आणि "या भागात तारकापेशी नाहीशा झाल्या आहेत" असं मी त्याच वेळी तुमच्याजवळ तोंडी बोलून दाखवलं होतं. वहीतला तो शेरा घाईत लिहिला गेला, प्रशासकीय होता. इतक्या वर्षांनी तुमच्या हाताला न्याय मिळतो आहे, याचा तुम्हाला आनंद होईल याची खात्री आहे. आभारात तुमचं नाव असेलच. तुमच्या निवृत्तिवेतनाबाबत काही अडचण असल्यास जरूर कळवा.

बहगत सिर्री

ता. क. मुलीचा डोळा आता कसा आहे?


कॅम्प सीझर
२० मे २०१०

प्रोफेसर साहेब,

ता. क.चं उत्तर आधी देते. मिरेतला डाव्या डोळ्याने उजेड आणि अंधार कळतो. माणूस समोरून गेलं तर सावली हलल्यासारखी वाटते. उजव्याने काही नाही. पाय परत आलेत, काठी धरून सज्ज्यापर्यंत जाते. नवं औषध चालू आहे, फेब्रुवारीनंतर झटका आलेला नाही. याहून पुढे दृष्टी येणार नाही असं वाएल म्हणतात.

वाएलने तुम्हाला "सारं" सांगितलं म्हणता, तर हेही सांगितलं असेल. सातव्या खाटेवर तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः तिचं रक्त काढलं, कुठेही नोंद न करता, आणि नळी आपल्या डब्याच्या थर्मासमध्ये बर्फात घालून माझ्या हातात दिली. म्हणाला, "तांत, मी दिली नाही, तुम्ही घेतली नाही." यावेळी मी त्याला तांत म्हणू दिलं. आमच्या चर्चमधल्या एका हवाई सुंदरीने ती पॅरिसला नेली, सोहेर तिथे घ्यायला आली. सतरा दिवसांनी निकाल आला. जानेवारीत काढलं असतं तर जानेवारीत आला असता. तेव्हा ती सरळ रेघ मारत होती.

तुमचा मसुदा मी मिरेतला वाचून दाखवला. ती सोफ्यावर मटार सोलत होती. ते तिला आता बोटांनी जमतं.

"तांत, यातलं खोटं किती?"

"अर्धं. रंग चांगला होता हे खरं. त्यांना दिसलं होतं हे खोटं."

"मग अर्धी सही कर. ओलफत लिही, तादरोस गाळ."

आम्ही दोघी हसलो. मग मी म्हटलं की मी हा कागद फाडणार आहे आणि तुकडे लिफाफ्यात घालून तुम्हाला परत पाठवणार आहे. शिवाय तुमची सगळी पत्रं कैरोच्या सभेला. नन्सच्या शाळेत खोट्यासाठी मी उभ्या आयुष्यात एकदाही शिक्षा खाल्ली नाही, आता म्हातारपणी कशाला खाऊ?

मिरेत सोलायची थांबली.

"मंगळवारी बाकावर माझ्याशेजारी एक मुलगी बसायची. हुदा. काफ्र अद-दव्वारची, सुतगिरणीत होती. तिलाही उचकी लागायची. आम्ही पैज लावायचो, कुणाची आधी थांबते. तिला एका डोळ्यापुढे धूसर दिसतं म्हणत होती."

"मग?"

"ती अजून इंजेक्शन घेतेय, तांत?"

मी वाएलना विचारलं. घेते आहे. तिच्यासारखी लक्षणं असलेल्या आणखी आठजणी एकट्या त्याच्या यादीत आहेत. तुमचे शिष्य दमनहूरला आहेत, तांता शहरात आहेत, मन्सूरात आहेत. वाएल म्हणाले, "मी एकटा बोललो तर मी वेडा. उस्तादांनी पत्रक काढलं तर सगळे उद्या सकाळी रक्त काढतील." मार्चमध्ये बढती मिळाली तरी त्याची भीती तीच आहे. ती पगाराबरोबर वाढते बहुतेक.

तेव्हा ऐका. तुम्ही तुमच्या प्रत्येक शिष्याला तुमच्या सहीने पत्रक धाडा: ज्यांना लांब पट्टा आहे, दोन्ही डोळ्यांचा त्रास आहे किंवा न थांबणारी उचकी आहे, त्यांचं इंजेक्शन थांबवा, रक्त तपासा. सोहेरची प्रयोगशाळा तपासून देईल, मी विचारून ठेवलं आहे. पत्रक गेल्याचं मला तीन गावांहून कळलं की तुमच्या मसुद्यावर सही करेन. अर्धी नाही, पूर्ण. तुम्हाला १९८७ साली सगळं दिसलं होतं असं मी लिहून देईन. कुणी विचारलं तर तोंडानेही सांगेन.

आभारात माझं नाव नको. निवृत्तिवेतनाची अडचण नाही.

ओलफत तादरोस


रुश्दी
२ जून २०१०

प्रिय ओलफत,

तुमची अट वाचून गंमत वाटली. एवढी कडवट होण्याची खरंच गरज नव्हती, असं पत्रक काढण्याचा माझा विचार होताच. मात्र त्याची भाषा सांभाळून ठेवावी लागली. आधीचं निदान चुकीचं होतं असा अर्थ त्यातून निघू नये, कारण तरुण डॉक्टरांचा आत्मविश्वास फार नाजूक असतो. "विज्ञानाच्या ताज्या प्रगतीच्या प्रकाशात" असे शब्द घातले आहेत. प्रत सोबत आहे. काल बावीस ठिकाणी रवाना झाली.

काचा नीट गुंडाळून पाठवा. मसुद्यावर तारीख तुम्हीच घाला.

मिरेतला भेटायला मी एकदा येऊन जाईन म्हणतो. सभेच्या आधी एखादं छायाचित्र मिळालं तर श्रोत्यांवर परिणाम चांगला होतो.

बहगत सिर्री


कॅम्प सीझर
२८ ऑक्टोबर २०१०

प्रोफेसर साहेब,

जूनमध्ये काचा आणि कागद पाठवले तेव्हा सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. आज लिहिते, आणि हे शेवटचं.

मिरेतला भेटायला तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. छायाचित्राला वाएलकरवी नाही कळवलं होतं ते मीच, ती नाही म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "येऊ दे, मला तसंही फोटो बघायचा नाहीये."

तुमच्या पत्रकानंतर वेगवेगळ्या गावांहून एकतीस जणांची रक्तं लिआँला गेली. सातांमध्ये ते द्रव्य निघालं. सातांपैकी दोघींचे डोळे आधीच गेलेले होते, एक बाप्या चाकाच्या खुर्चीत आहे. चौघं वेळेत सापडले. हे आकडे तुम्ही कैरोच्या भाषणात सांगितलेत, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहेतच. मी आपली खात्री करून घेतली, सवयीने.

काल हुदा आली होती, मिरेतला भेटायला. तिच्या आईने घरचं तूप लावून केलेला फतीर, पापुद्र्यांचा रोट, पाठवला होता, अजून कोमट होता. चौघांतली ती एक. गोळ्या घेते, तोंड जरा सुजलंय, पण गिरणीत परत कामाला लागली आहे. सुतावर नजर लागते त्या कामाला. दोघी सोफ्यावर बसून गप्पा मारत होत्या, मी आत चहा टाकत होते. हुदाने पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. तुमचा फोटो होता, व्यासपीठावरचा. ती मोठ्याने वाचायला लागली. बारीक अक्षर होतं, कागद हातभर लांब धरून भराभर वाचत होती, कुठेही न अडता: तेवीस वर्षांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या गरीब बाईच्या मज्जारज्जूत, जगात कुणालाही दिसण्याआधी, या थोर नजरेला ती पोकळी दिसली होती.

वाचून झाल्यावर तिने कात्रणातल्या तुमच्या फोटोचं चुंबन घेतलं आणि ते कपाळाला लावलं. म्हणाली, "या माणसामुळे माझे डोळे वाचले. मी रोज नमाजात याचं नाव घेते. एकदा हात हातात घ्यायला मिळाला तर बस्स. तांत, मिरेत म्हणते तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात. खरंच त्यांना तेव्हाच दिसलं होतं?"

मिरेत माझ्या बाजूला तोंड करून बसली होती. मी चहाचे पेले खाली ठेवले.

मी म्हटलं, "हो बाळ. त्यांनी मला बोलून दाखवलं होतं."

ओलफत तादरोस